वेगळं ताट

कडी आतून आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण गल्लीतल्या बायका खालून माझ्या खिडकीकडं बघून हळहळतात, की बिचारीला कोंडून घातलंय. मला कुणीही कोंडलेलं नाही. गच्चीवरच्या या खोलीची कडी मी माझ्या हातानं लावली आहे. ती काढायचा मोह इतक्यांदा होतो, की मी हात पाठीमागं बांधून फेऱ्या मारते. वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांना मी असंच उभं करते.

खाली माझी लेक आहे, सायली. अजून दोन वर्षांची नाही. आजी मला मेघा म्हणून हाक मारते, म्हणून तीही मला 'मेदा' म्हणते. दिवसभर जिन्यातून 'मेदा, मेदा' ऐकू येतं, आणि मी इथं चार भिंतींत बसून ऐकते. ती रडली तर आधी बरं वाटतं, की मला विसरली नाही. मग लाज वाटते. मग संताप येतो, आणि तो काढायला खोलीत माझ्याशिवाय कुणी नसतं.

भावसिंगपुऱ्यात आमचं घर आहे. खाली दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर पत्र्याची ही खोली आणि तिला लागून न्हाणी-संडास. लॉकडाऊनमध्ये मी इथूनच ऑनलाइन तास घ्यायचे, त्यामुळं एक पांढरा फळा अजून भिंतीला टेकून उभा आहे. मे महिन्यात या खोलीत माणूस राहत नाही, पापड वाळत घालतात. यंदा मी राहते आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवते. अकरावीला समस्थानिकं शिकवताना दरवर्षी पोरं एकच चूक करतात, वरचा आकडा खाली आणि खालचा वर. मी सांगून सांगून थकते. मूलद्रव्याचं अक्षर मधे लिहा. त्याच्या डाव्या पायाशी अणुअंक, म्हणजे केंद्रकात प्रोटॉन किती ते. डाव्या खांद्यावर अणुवस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती ते. वरच्यातून खालचा वजा केला की न्यूट्रॉन उरतात. एवढं करूनही मागच्या बाकावरून प्रश्न येतो, की मॅडम, वरचा बदलला तर मूलद्रव्य बदललं का. मग मी म्हणते, बाळा, खालचा आकडा तुझा रोल नंबर आणि वरचा तुझं दप्तरासकट वजन. दप्तर जड झालं म्हणून हजेरीत तुझं नाव बदलतं का? पोरं हसतात आणि पेपरात पुन्हा उलटंच लिहितात.

गेल्या वर्षी याच धड्याला माझा आवाज बसला. आधी वाटलं खडूची धूळ, मग वाटलं थंड पाणी. मग गळ्यावर सुपारीएवढी गाठ हाताला लागली. थायरॉईडचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, कॅन्सरमधला हा त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचा. मला त्यांच्या तोंडावर काहीतरी मारावंसं वाटलं. ऑपरेशन करून ग्रंथी काढली, आणि गळ्यात कुठं चुकार पेशी उरल्या असतील त्यांच्यासाठी आयोडीन द्यायचं ठरलं. आयोडीन एकशे एकतीस.

साधं आयोडीन, जे मिठात असतं, ते एकशे सत्तावीस. दोघांच्या पायाशी त्रेपन्नच. फरक फक्त खांद्यावर. थायरॉईडच्या पेशी आयोडीनच्या भुकेल्या असतात, समोर येईल ते गिळतात, कारण शरीराला वरचा आकडा वाचता येत नाही. ते फक्त खालचा बघतं आणि आपलाच आहे म्हणून आत घेतं. एकशे एकतीस आत जाऊन बसतो आणि तिथं फुटतो. औषध ते एवढंच. हे सगळं मला पाठ होतं. आपल्याच गळ्यात होणार असलं की पाठ असलेलं काही कामाला येत नाही, हे मात्र नवीन कळलं.

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात शिशाच्या दाराची खोली होती. हातमोजे घातलेल्या मुलानं शिशाच्या भांड्यात ते औषध टेबलावर ठेवलं, नळीनं प्या म्हणाला आणि मी ओठ लावायच्या आत दाराबाहेर गेला. इतकं झटकन कुणी माझ्यापासून लांब गेल्याचं मला आठवत नव्हतं. मी प्यायले. चव काहीच नव्हती. काही दिवसांनी ऋतुराज सर मीटर घेऊन आले. ते किरणांचं मोजमाप करणारे फिजिसिस्ट, पण सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. आकडा उतरला होता, घरी जायला हरकत नव्हती. घरी मात्र नियम होते. वेगळी खोली, वेगळा संडास, वेगळी भांडी, ती भांडी मीच धुवायची. लहान मुलापासून लांब, अगदी लांब, पुढची तपासणी होईपर्यंत. पोराच्या गळ्यातली ग्रंथी इवलीशी असते, तिलाही वरचा आकडा वाचता येत नाही. माझ्या थुंकीतून, घामातून तिच्यात गेलं तर तिथंच जाऊन बसणार. बाकी सगळं मी विसरले असते, एवढं विसरू शकत नव्हते.

संडासात प्रत्येक वेळी तीनदा पाणी सोडा, असाही एक नियम होता. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, ते आलं तर. मी सरांना तसं सांगितलं. ते हसले. ते पण इथलेच.

आता खरी अडचण सांगते. अडचण माझी आई, कडूबाई.

माझ्या आईनं आयुष्यभर मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला. त्याआधी ती एका बंगल्यावर धुण्याभांड्याला जायची. तिथं तिला पहिल्या दिवशी चहाचा कप दाखवला, खिडकीच्या गजाला वेगळा अडकवलेला. तिनं तो काढला, ओट्यावर आपटून फोडला आणि घरी निघून आली. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाचंही ताट वेगळं नाही. पाहुणा येवो, नळदुरुस्तीवाला येवो, कचरा उचलणाऱ्या बाई येवोत, फळीवरचं जे पहिलं ताट हाताला लागेल त्यात आई वाढते. ताटावर नाव घालून आणायची पद्धत असते ना, तीसुद्धा तिनं कधी करू दिली नाही. माझ्या लग्नात नवऱ्याच्या, म्हणजे बुद्धभूषणच्या मामांनी नाव घातलेला डिनर सेट दिला, तो अजून खोक्यात आहे.

अशा बाईला मी दवाखान्यातून येताच रिक्षातून उतरता उतरता सांगितलं, की माझं ताट वेगळं ठेव.

"येगळं?" ती म्हणाली. "माझ्या घरात? म्या जित्ती हाय तवर नाय."

मी समजावलं. बुद्धभूषणनं समजावलं. तो वाळूजला कारखान्यात रात्रपाळी करतो आणि सासूशी बोलताना नेहमीच खालच्या पट्टीत बोलतो. मामी, थोडेच दिवस आहेत, म्हणाला. कागदी पत्रावळी आणू का, वापरून टाकून देऊ. तेव्हा ती जास्तच भडकली. जेवून झालं की टाकून द्यायचं, असलं ताट मी माझ्या लेकीला देऊ का, म्हणाली. मग सायलीला काही दिवस गंगापूरला मावशीकडं पाठवायचा विषय निघाला. पण सायली आजीशिवाय राहत नाही, आणि आजी मला अशी सोडून जायला तयार नव्हती. सगळ्या वाटा फिरून त्या जिन्यापाशीच येत होत्या.

शेवटी तडजोड झाली. स्टीलचं एक ताट माझं. जेवण झालं की मी ते दाराबाहेर ठेवायचं, आणि आई ते गच्चीच्या कोपऱ्यातल्या नळावर राखेनं वेगळं घासून परत ठेवणार. ताट मी धुवायचं होतं, आईनं नाही. पण न्हाणीतलं बादलीभर पाणी संडासाच्या तीन वेळांनाच पुरत नव्हतं, आणि आई म्हणाली, तेवढं तरी करू दे. मी हो म्हणाले. आई ऐकायला लागली, याचा मला इतका आनंद झाला होता, की ती एवढ्या लवकर कशी ऐकायला लागली, हे मी विचारलंच नाही.

दिवस जात होते म्हणण्यापेक्षा तापत होते. दुपारी पत्रा कडकड वाजायचा. मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फळ्यासमोर बसायचे आणि रिकाम्या वर्गाला शिकवायचे. आपलाच घाम पुसताना त्या टॉवेलचीसुद्धा भीती वाटायची. स्वतःच्या अंगाची अशी भीती वाटणं ही फार वाईट गोष्ट आहे. खोलीतून बाहेर पडता येतं. अंगातून कुठं जाणार?

त्या दिवशी पिठलं-भाकरी होती. मला निम्मीच गेली. ताट बाहेर ठेवलं, कडी लावली, आणि वारा येतो का बघायला खिडकीचं अर्धं लोटलेलं दार उघडलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आई बसली होती. माझं ताट तिच्या मांडीवर होतं. उरलेली भाकरी ती पिठल्यात कुस्करून खात होती, सावकाश, मन लावून. बोटं चाटत होती.

मला आधी अर्थच लागला नाही. तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी सायलीचं डोकं दिसलं. ती रांगत पायऱ्या चढून आली होती. आजीला बघून तिनं तोंड उघडलं, चिमणीसारखं. आणि आईनं त्याच ताटातला, त्याच बोटांचा घास तिच्या तोंडात घातला.

मी ओरडले. काय ओरडले ते मला सांगता येणार नाही, ऑपरेशननंतर आवाज अजून पुरता फुटत नव्हता, शब्द निघालेच नसतील. मी दाराकडं धावले, कडीला हात घातला आणि तिथंच थांबले. बाहेर जाऊन मी काय करणार होते? सायलीला उचलणार होते, तिच्या तोंडात बोट घालून घास काढणार होते. म्हणजे एका घासाच्या जागी अख्खी मी तिच्या अंगावर जाणार होते. मी दार दोन्ही मुठींनी बडवायला लागले. कडी माझ्याच बाजूला होती आणि मी आतून दार बडवत होते.

आवाजानं बुद्धभूषण झोपेतून उठून वर आला. मी खिडकीतून सांगितलं. त्यानं सायलीला उचललं, तिच्या तोंडातलं काढलं, तोंड धुतलं. आई ताट हातात घेऊन उभी होती. मी सरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, किती खाल्लं, पहिल्यांदाच का. मी खिडकीतून आईला विचारलं.

"रोजच खाते की," ती म्हणाली. "लेकीचं उष्टं खाल्ल्यानं कुणाला काय झालंय?"

सर म्हणाले, दोघींना घेऊन या, मीटर लावून बघू. घाबरण्यासारखं नसावं, पण बघू. बुद्धभूषणनं रिक्षा आणली. मी खिडकीच्या गजांतून बघितलं. आई नऊवारीचा पदर खोचून, तोंड घट्ट मिटून बसली होती आणि तिच्या मांडीवर सायली रिक्षात बसायला मिळालं म्हणून टाळ्या वाजवत होती. रिक्षा वळली.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला, ते सांगायची माझी इच्छा नाही, तरी सांगते. मी फळ्यावर हिशेब मांडायला घेतला. मला दिलेलं किती, आठ दिवसांच्या अर्धायुष्यानं त्यातलं आज उरलं किती, त्यातलं थुंकीत किती, एका घासात किती. एरवी हे गणित मी पोरांना दमात घेऊन करायला लावते. त्या दुपारी मला साधी वजाबाकी जमेना. एकशे एकतीसातून त्रेपन्न वजा केले की अठ्ठ्याहत्तर उरतात, हे मी दोनदा चुकवलं. शेवटी मी फळा पुसला आणि भिंतीशी बसून राहिले. माझ्या गळ्यातलं मेलं तरी चालेल, पण तिच्या गळ्यात काही जाऊ देऊ नको, असं मी म्हणत होते. कुणाला म्हणत होते, कुणास ठाऊक. आमच्या घरात नवस बोलायला कुणी नाही.

फोन वाजला. सायलीच्या गळ्यात काही नाही, बुद्धभूषण म्हणाला. मामींच्यात नावापुरतं, तेही उतरेल. पुन्हा मात्र असं होता कामा नये, असं सरांनी दोनदा सांगितलंय. मी फोन बाजूला ठेवला आणि रडले. मग इतका राग आला, की ती आल्यावर तिला काय काय बोलायचं याची मी उजळणीच करून ठेवली.

ऊन उतरल्यावर आई वर आली. खिडकीपासून चार हात लांब, टाकीला टेकून उभी राहिली. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"त्या पोरानं हातात मोजे घातले, आन् दुरूनच त्ये मशीन माझ्या नरड्यापुढं धरलं. म्या काय केलं व्हतं?"

माझी उजळणी तिथंच संपली.

"आमाला बी आसंच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तुमच्यात काय तरी हाय. दिसत नाय, पण हाय. शिवलं की लागतंय. आता तू बी त्येच सांगायलीस. एवढी शिकलीस, आन् तूच सांगायलीस."

हिचं चुकलं होतं, ठार चुकलं होतं, आणि तरी मी तिला चूक म्हणू शकत नव्हते. मी उठून फळा खिडकीसमोर ओढला. दुसरं मला येतं काय? आई चौथीपर्यंत शिकलेली, आकडे तिला वाचता येतात. मी आयोडीनचा मोठ्ठा इंग्रजी आय काढला, पायाशी त्रेपन्न लिहिले, खांद्यावर एकशे सत्तावीस. शेजारी तसाच दुसरा आय, पायाशी त्रेपन्न, खांद्यावर एकशे एकतीस.

तिनं बराच वेळ बघितलं. खालचा सारखाच हाय की, म्हणाली. मी म्हणाले, सारखाच, दोघं एकाच घरचे, एकाच नावाचे, तक्त्यात दोघांची जागा एकच. मग एकाच्या डोक्यावर जादा आकडा कुणी लिहिला, तिनं विचारलं, आणि तिचा आवाज चढला. आकडे कोण लिहितं ते तिला ठाऊक होतं. मी म्हणाले, कुणी लिहिला नाही, वजन करून बघितलं. याच्या पोटात चार न्यूट्रॉन जास्त भरलेत. ते त्याला पेलत नाहीत, म्हणून तो फुटतो, आणि फुटताना शेजारी असेल त्याला मार बसतो.

"आन् फुटल्यावर?"

मी तिसरं चिन्ह काढलं. खांद्यावर तेच एकशे एकतीस, पायाशी चोपन्न. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, म्हणून वजन तेवढंच राहतं आणि ओळख बदलते. आता हा आयोडीन नाही, झेनॉन आहे, एक वायू, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आई फळ्याकडं बघत राहिली. "माणूस त्योच, वजन बी त्येच, आन् खालचं नाव बदललं," ती म्हणाली. "म्हंजे ह्यानं धर्मांतर केलं म्हण की."

मला हसू फुटलं. गळा दुखला तरी हसू थांबेना. तीही थोडी हसली, पण लगेच गंभीर झाली. तिचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता, आणि माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा ती हट्टी आहे.

"ह्ये खरंय कशावरून?" ती म्हणाली. "त्ये बी खरंच म्हनत व्हते. पोथीत लिवलंय म्हनत व्हते. तुझं बी पुस्तकातच लिवलंय."

मी गजांना धरून उभी राहिले. "आई, त्यांनी कधी मोजलं होतं का? आज मशीन लावलं. सायलीत काही नाही, तर मशीननं नाही म्हणून सांगितलं. तुमच्या वेळी कुणाला तपासून, हिच्यात काही नाही, असं एकदा तरी निघालं होतं का?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आठ दिवसांनी अर्धं राहील, पुढच्या आठ दिवसांनी त्याच्याही अर्धं, मग येऊन पाणी प्या आमच्यात, असं कुणी सांगितलं होतं का? मला सांगितलंय. माझं उतरणार आहे, आई. मी खाली येणार आहे. पण तोवर तुला मला लांब ठेवावं लागेल. मला जमत नाही गं. रोज हात कडीवर जातो. तू दाराच्या त्या बाजूनं धरलं नाहीस, तर एक दिवस मी उघडीन आणि सायलीला घेईन."

हे मी तिला सांगणार नव्हते. कुणालाच सांगणार नव्हते. पण सांगून झालं आणि मी खाली बसले. ती तशीच जिना उतरून गेली. तिला पटलं की ती रुसली, ते कळायला मार्ग नव्हता. रात्रीचा डबा आणि माझं घासलेलं ताट बुद्धभूषणनं पाळीवर जाताना दाराशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाळीवरून आला, तसं खाली सायलीचं हसू ऐकू आलं. तो तिला खांद्यावर घेऊन फिरवत होता. मग जिन्यात आईची पावलं वाजली. दारापाशी थांबली.

"मेघा, कडी काढ. ताट उंबऱ्यावर ठेव आन् मागं सरून बस."

मी कडी काढली. आई बाहेर उभी होती, कमरेवर भाकरीचं टोपलं आणि हातात कोरड्यासाचं, म्हणजे कालवणाचं पातेलं. डोळे सुजलेले होते, रात्रभर झोपली नसावी. मी ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि आत सरकून जमिनीवर बसले. ती पुढं आली, ताटापासून हातभर अलीकडं थांबली. वाकली नाही. तिनं भाकरी उचलली, ताटाच्या वर धरली, आणि तिचा हात तिथंच थबकला. तो ना फार वर होता ना फार खाली. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात असा बरोबर उंचीवर थांबत नाही.

"माझी माय लासूर टेसनात एका घरी शेण काढायला जायची," ती म्हणाली. "म्या संगं जायची. भाकर अशीच वरून टाकायचे. तिच्या पदरात. हात किती वर धरायचा, त्ये म्या बघितलंय. म्या कवा कुणाला सांगितलं नाय, तुझ्या बापाला बी नाय."

मला ऐकवेना. मी मान खाली घातली. राहू दे, आई, असं मी म्हणणार होते. ताट तिथंच राहू दे, नाहीतर ने आणि घाल फळीवर सगळ्यांत, माझ्यानं हे बघवत नाही.

"खाली बघू नको," ती एकदम म्हणाली. आवाज असा, की मी दचकले. "माझी माय खाली बघायची. वर बघितलेलं त्यांना चालायचं नाय. तू वर बघ. माझ्याकडं बघ."

मी मान वर केली. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. मी तिच्याकडं बघत राहिले आणि तिनं माझ्यावरची नजर हलवली नाही. मग तिनं भाकरी सोडली. ती ताटात पडली तेव्हा स्टीलचा मोठा आवाज झाला.

"दुसरी वाढू का?" तिनं विचारलं.